भिंतीला पोट सुटतं तेव्हा

कोकणात नवं घर बघायला आलेल्या पाहुण्याची फेरी ठरलेली असते. आधी हॉलमधलं पीओपी, मग किचनचा ओटा, मग 'इथून समुद्र दिसतो' म्हणून गच्ची (दिसते ती शेजाऱ्याच्या मांगरावरची निळी ताडपत्री), आणि सगळ्यात शेवटी, चहाचा कप हातात असतानाच, परसातली दगडी भिंत. डोंगर उभा कापून घराला जागा केलेली असते आणि त्या कापलेल्या अंगाला ही दहा फुटी भिंत उभी असते. "सगळा काळा दगड आहे हां. दर्जा भरलेत ते बघा," असं म्हणून मालक बाजूला सरकतो. पाहुणा बघतो. दोन दगडांच्या सांध्यावर सिमेंटची गांडुळासारखी उठावदार रेघ ओढलेली असते, तिला काळा रंग दिलेला असतो, दगडांना वॉर्निश मारलेलं असतं. पाहुणा भिंतीवर एक थाप मारतो, "पॅक आहे" असा निर्वाळा देतो आणि मंडळी पोहे खायला आत जातात.

हा सगळा सोहळा भिंतीच्या तोंडाचा. दगड संपल्यावर आणि डोंगर सुरू होण्याआधी जो दोन-अडीच फुटांचा पट्टा असतो, त्यात काय भरलंय, हे कुणी विचारत नाही. मालकाने ते स्वतःही पाहिलेलं नसतं. तो भराव पडला त्या दिवशी मालक टाईल्स निवडायला कणकवलीला गेलेला असतो.

आणि भिंत किती वर्षं उभी राहणार, ते त्या अडीच फुटांत ठरतं.

पहिली दोन वर्षं काही होत नाही. मग एखाद्या जुलैत आठवडाभर झोडपणारा पाऊस लागतो आणि भिंतीला पोट सुटतं. पाया जागेवर, वरचा थर जागेवर, आणि जमिनीपासून तीन-चार फुटांवर मधलं अंग पुढे आलेलं. ओळंबा सोडला तर दोरी वरच्या दगडाला लागते आणि खालचा भोपळा, म्हणजे ओळंब्याचं लोखंडी वजन, भिंतीच्या पोटावर रेलतो. बघायला वाडी जमते. एक म्हणतो सिमेंट कमी घातलं. दुसरा म्हणतो मेस्त्री बाहेरचा होता. तिसऱ्याला रेल्वेच्या हादऱ्यांचा संशय असतो. रेल्वे तिथून सहा किलोमीटरवर असते. वास्तुशांत कशी घाईत उरकली, याची आठवण कुणीतरी हळूच करून देतं. खुर्चीवर बसलेले आजोबा तेवढे म्हणतात, "मागे पाणी साचलं असणार." पण आजोबा स्वतःच्या गुडघेदुखीचं कारणही पाणीच सांगतात, त्यामुळे त्यांच्याकडे कुणी लक्ष देत नाही.

आजोबांचं म्हणणं आकड्यांत मांडता येतं. दहा फूट म्हणजे तीन मीटर उंचीची भिंत घ्या. मागे कोरडी, मुरमाड माती असेल तर ती भिंतीला दर मीटर लांबीमागे साधारण पावणेतीन टनांच्या जोराने ढकलते. तोच भराव पाण्याने काठोकाठ भरला की हा जोर सहा टनांपर्यंत जातो, म्हणजे दुपटीहून जास्त. त्यातले साडेचार टन एकट्या पाण्याचे. याचं कारण मातीच्या स्वभावात आहे. मातीचे कण एकमेकांना घासून धरतात, निम्म्याहून जास्त भार आपला आपण सांभाळतात आणि उरलेला तेवढा भिंतीवर टाकतात. पाण्याला ही रीतभात नाही. जेवढी खोली तेवढा दाब, आणि तो सगळाच्या सगळा आडवा भिंतीवर.

यातली सगळ्यात चमत्कारिक गोष्ट अशी की, पाणी एकूण किती साठलंय याच्याशी या दाबाला काही देणंघेणं नाही. भिंतीमागच्या बोटभर फटीत तीन मीटर उंच पाणी उभं राहिलं काय, किंवा कोयनेचा अख्खा शिवसागर जलाशय तीन मीटर खोलीने भिंतीला येऊन टेकला काय, भिंतीला लागणारा जोर तेवढाच. परसात आपल्या नकळत धरण बांधून झालेलं असतं; सांडवा ठेवायचा तेवढा राहून गेलेला असतो. आणि रत्नागिरीत वर्षाला पाऊस पडतो तीन हजार मिलिमीटरांच्या वर, त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. म्हणजे एका पावसाळ्याचं पाणी जिथल्या तिथे उभं केलं तर ते नेमकं या दहा फुटी भिंतीच्या काठाला लागतं. वरच्या डोंगरावरून वाहत येणारं पाणी आणि जमिनीतून फुटणारे उपळ वेगळेच.

मातीच्या ढकलण्याचा हिशोब पहिल्यांदा नीट मांडला तो शार्ल ऑगस्तँ कूलोम या फ्रेंच माणसाने. शाळेत विजेच्या धड्यात ज्याचा नियम पाठ करताना पोरांना घाम फुटतो, तोच हा. वीज त्याला नंतर सुचली. आधी तो सैन्यातला इंजिनिअर होता. १७६४ साली त्याला वेस्ट इंडीजमधल्या मार्टिनिक बेटावर किल्ला बांधायला धाडलं. तिथल्या दमट हवेत, पावसात आणि आजारपणात त्याने आठ वर्षं काढली आणि परत आल्यावर १७७३ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे निबंध वाचला. भिंतीमागची माती कुठल्या रेषेत सुटून घसरते आणि भिंतीवर किती जोर देते, ते त्यात होतं. (त्याच साली पुण्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आपल्याकडे तेव्हा भिंतींपेक्षा गाद्या जास्त डळमळीत होत्या.) पुढे १८५७ साली स्कॉटलंडच्या रँकिनने तो हिशोब आणखी सुटसुटीत केला. कॉलेजातली पोरं आजही हे दोघे पाठ करतात आणि परीक्षा संपली की भिंतीमागे जेसीबीने लाल माती लोटायला मोकळी होतात.

कूलोमचं नावही न ऐकलेल्या गडगेवाल्यांनी हा प्रश्न कधीच सोडवून ठेवला होता. गडगा म्हणजे सुका दगड. ना चुना, ना सिमेंट. जाणता माणूस गडगा घालताना बघण्यासारखा असतो. तो दगड उचलतो, हातात फिरवतो, त्याचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं ते ठरवतो आणि लांब बाजू भिंतीच्या पोटात जाईल असा बसवतो. बसवला की वर पाय देऊन हलवून बघतो. दगड किंचित डुगडुगला तर मागच्या बाजूने चीप ठोकतो. पुढून कधीच नाही, कारण पुढून ठोकलेली चीप दगडाला बाहेर काढते. दर मीटर-दीड मीटरवर एक लांब दगड आरपार. सगळी भिंत डोंगराच्या अंगाला किंचित रेललेली. आणि मागे हाताने, एकेक करून, डबर रचलेलं. ओतलेलं नव्हे, रचलेलं. नवशिका गडी मागे टोपलीभर माती ओतायला आला तर जाणता नुसता वर बघतो. टोपली आपोआप माघारी जाते.

अशा भिंतीला पाण्यासाठी वेगळी भोकं ठेवावी लागत नाहीत. ती सगळीच भोकांची बनलेली असते. पाऊस मागून येतो, दगडादगडांतून पुढे जातो, माती डबरापाशी अडते. एखादा दगड सरकलाच तर भिंत थोडी बसते, कूस बदलते आणि पुन्हा उभी राहते. भारतीय मानक ब्युरोने डोंगराळ भागातल्या संरक्षक भिंतींसाठी आयएस १४४५८ नावाचं मानक काढलं, त्याचा तिसरा भाग खास सुक्या दगडी भिंतींच्या बांधकामाला वाहिलेला आहे, १९९८ सालचा. युनेस्कोने २०१८ साली युरोपातल्या आठ देशांची सुक्या दगडाची कला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घातली. कोकणातल्या गडग्याला मात्र अजून 'कामचलाऊ' समजतात. चार पैसे आले की पहिलं काम त्याच्या सांध्यांत सिमेंट भरण्याचं. सांधे भरून झाले की भिंत देखणी दिसते आणि बरोबर त्याच दिवशी ती धरण होते.

सिमेंटची भिंत वाईट असते असं कुणाचंच म्हणणं नाही. तिला फक्त भोकं लागतात. मेस्त्री त्यांना 'विपोल' म्हणतात. चार इंची पाइप, मीटर-दीड मीटर अंतरावर, एका थरात ज्या जागी असतील त्याच्या वरच्या थरात मधोमध, आणि बाहेरच्या अंगाला थोडा उतार देऊन. कागदावर इतकं सोपं आहे. प्रत्यक्षात विपोल या वस्तूचे जे प्रकार आढळतात, त्यांच्यावर एखाद्याने पीएचडी करावी.

सगळ्यात जास्त आढळतो तो शोभेचा विपोल. भिंत अडीच फूट जाड आणि पाइप अर्धा फूट लांब. भिंत पुरी झाल्यावर कुणीतरी नकाशा बघून "अरे, भोकं राहिली" म्हणतं. मग तुकडे कापून सांध्यांत बसवतात आणि कडेने छान सिमेंट लावतात. पुढून बघणाऱ्याला काहीच कळत नाही. माडाच्या झावळीचा हीर घेऊन आत घातला की वीतभर जाऊन अडतो. दुसरा प्रकार बूच असलेला. बांधताना माल आत जाऊ नये म्हणून पाइपात सिमेंटच्या गोणीचा तुकडा कोंबतात, तो काढायचा राहतो आणि पुढची वीस वर्षं तिथेच असतो. तिसरा उलट्या उताराचा: डोंगराचं पाणी बाहेर आणायचं सोडून अंगणातलं पाणी भिंतीच्या मागे नेऊन सोडतो. आणि कुठे एखादा खरा, आरपार, उताराचा पाइप असलाच, तर त्याच्या मागे जाळी किंवा खडी नसते, थेट माती असते. पहिल्या पावसात तो अंगणात चिखल ओकतो, दुसऱ्या पावसात गच्च होतो, तिसऱ्या वर्षी त्यात पिंपळ उगवतो. पिंपळ तोडणं पाप, म्हणून तो वाढतो.

घरातली बाईमाणसं विपोलावर नाराज असतात, आणि त्यांची नाराजी खोटी नाही. त्यातून फुरसं येऊ शकतं. यावर उपाय जाळीचा. पण जाळी आणायला तालुक्याला जावं लागतं आणि सिमेंट घरातच उरलेलं असतं.

शहरांत भिंतीचा आणखी एक उपयोग सापडला आहे, तो म्हणजे चित्रं. रस्त्याकडेच्या संरक्षक भिंती रंगवून त्यांवर सुविचार लिहायची लाट आली, तेव्हा रंगाऱ्यांपुढे भोकांचा प्रश्न उभा राहिला. काहींनी ती बुजवून वर रंग दिला. काही कल्पक होते. त्यांनी भोकाला फुलाचा मधला भाग केलं, नाहीतर 'झाडे लावा' म्हणणाऱ्या मुलाचं उघडं तोंड. जुलैत तो मुलगा लाळ गाळतो. पण या कलेचा कळस म्हणजे डोंगराच्या पाण्याने फुगायला आलेल्या भिंतीवर तीन फुटी अक्षरांत लिहिलेलं 'पाणी अडवा, पाणी जिरवा'. घोषणा उत्तम आहे, दुष्काळी गावांचं तिने भलं केलं, पण जागा! भिंतीने ती वाचली आणि शब्दशः मनावर घेतली.

आता तो अडीच फुटांचा पट्टा. तिथे काय असावं? भिंतीला लागून मुठीएवढं किंवा त्याहून मोठं डबर, त्यामागे खडी, त्यामागे जाडी वाळू आणि मग माती. मोठ्याकडून बारीककडे. म्हणजे पाणी पुढे येतं आणि प्रत्येक थर आपल्यामागच्या थराला धरून ठेवतो. हल्ली खडी-वाळूच्या ऐवजी किंवा जोडीला जिओटेक्स्टाइलचं कापड लावतात. मेस्त्री त्याला 'फडका' म्हणतात आणि उरलेल्या फडक्याने स्कूटर झाकतात. भराव वीत-वीत उंचीच्या थरांनी टाकायचा आणि प्रत्येक थर धुमसाने ठोकायचा, तोही भिंतीचा माल पुरता पिकल्यावर. भिंतीजवळ रोलर आणायचा नाही, कारण त्याचं वजन भिंतीलाच ढकलतं. सगळ्यात वर फूटभर चिकणमाती दाबून बसवायची, म्हणजे पावसाचं पाणी सरळ आत उतरत नाही, आणि तिच्याही वर, डोंगराच्या बाजूला, एक गटार काढायचं. खरं म्हणजे गटार आधी. जे पाणी आत गेलंच नाही, ते बाहेर काढावं लागत नाही.

आणि तिथे असतं काय? घराच्या पायाची लाल चिकणमाती सगळ्यात आधी. तिची गोष्ट निव्वळ व्यवहाराची आहे: बाहेर टाकायला नेली तर ट्रिपमागे पैसे, भिंतीमागे लोटली तर फुकट आणि वर 'भराव' म्हणून बिलात. मग पाडलेल्या जुन्या घराची मंगलोरी कौलं. फुटका कमोड. नारळाची सोडणं. सिमेंटच्या गोण्या. आंब्याची दोन खोडं, जी चार वर्षांनी कुजतात आणि मागे गुहा ठेवून जातात. एके ठिकाणी पोट सुटलेली भिंत उतरवली तेव्हा मागून गणपतीचं थर्माकोलचं मखर निघालं, बंदीच्या आधीचं. कमानीवरची चमकी शाबूत. थर्माकोल कुजत नाही, या शास्त्रीय सत्याचा इतका भक्तिभावाने केलेला पुरावा दुसरीकडे मिळणार नाही.

हे सगळं जेसीबीने जेवणाच्या सुट्टीआधी एका दमात लोटलेलं असतं. थर नाही, धुमस नाही. भिंत बांधून आठवडा झालेला नसतो. भराव वरपर्यंत आला की जेसीबी स्वतः काठावर चढतो आणि माती दाबायला मागेपुढे करतो. सात-आठ टनांचं धूड, ओल्या भिंतीच्या डोक्यावर. या परीक्षेतून भिंत उतरली की कणकवलीहून परतलेला मालक खालून टाळ्या वाजवतो. आणि तिथपासून त्याचा भिंतीवर जो विश्वास बसतो, तो जुलैपर्यंत टिकतो.

मालक मुंबईला असेल तर कथा आणखी रंगते. डोंबिवलीच्या चाकरमान्याचं गावचं बांधकाम हे व्हॉट्सअ‍ॅपवर चालतं. रोज संध्याकाळी फोटो येतो: भिंत, तिच्यापुढे मेस्त्री, मेस्त्रीपुढे कुत्रा. चाकरमानी फोटो मोठा करून दगड मोजतो, ऑफिसात दाखवतो. एखाद्या रविवारी त्याला यूट्यूबवर काहीतरी दिसतं आणि तो व्हिडिओ कॉल लावतो. "मेस्त्रीनू, जरा मागसून दाखवा." मेस्त्री म्हणतो, "मागे काय असा बघूक, भाऊ? माती असा!" भाऊ हट्ट धरतो. मेस्त्री मोबाइल घेऊन भिंतीच्या मागच्या बाजूला वळतो आणि तिथे रेंज जाते. कोकणात भिंतीमागे रेंज नसते, हे कुठल्याही मेस्त्रीला विचारावं.

सरकारी भिंतीचं दुखणं थोडं निराळं. तिच्यात नियमांची कमतरता नसते. फिल्टरची जाडी, पाइपांचं अंतर, सगळं निविदेत लिहिलेलं असतं. अडचण मोजमापाची. दगडी बांधकाम उभं असतं, त्याला टेप लावता येतो, एमबीत, म्हणजे मोजमापाच्या वहीत, लांबी-रुंदी-उंची चढवता येते. भिंतीमागचं डबर मातीखाली गेलं की ते होतं की नव्हतं, हे एक ठेकेदार जाणे आणि एक पाऊस. शिवाय ३१ मार्च. निधी मार्चअखेर खर्ची पडायला हवा, म्हणून भिंत मार्चच्या शेवटच्या आठवड्यात भराभर वर चढते, मग तिच्यावर संगमरवरी फलक लागतो. फलकावर कुणाच्या निधीतून, कुणाच्या शुभहस्ते, कुणाच्या प्रमुख उपस्थितीत अशी एवढी नावं बसवायची असतात की तो मोठा करावा लागतो आणि दोन विपोल त्याच्याखाली जातात. ठेकेदाराला अंतर सांभाळता येत नाही, पण नावांचा मानक्रम कधी चुकत नाही.

दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात, अँडीज पर्वतावर इंका लोकांनी पंधराव्या शतकात माचू पिचू वसवलं. तिथेही वर्षाला दोन मीटरच्या आसपास पाऊस, तिथेही उभा उतार. डोंगर कापून त्यांनी पायऱ्यापायऱ्यांच्या शेतजमिनी केल्या आणि प्रत्येक पायरीला सुकी दगडी भिंत दिली. संशोधकांनी तिथे खणून पाहिलं तर वर सुपीक माती, खाली वाळू-खडी, तळाशी मोठे दगड. आणि साऱ्या वसाहतीत भिंतींमधून पाणी बाहेर काढणाऱ्या सव्वाशेहून जास्त मोऱ्या. सहाशे वर्षं होत आली, डोंगर जागेवर आहे. इंकांकडे लोखंडाची हत्यारं नव्हती, गाडीचं चाक नव्हतं, लिपी नव्हती. मार्चएन्डही नव्हता, हे त्यांचं नशीब.

या विषयात हसू येणार नाही अशीही एक जागा आहे. २९ जून २०१९ च्या पहाटे पुण्यात कोंढव्याला एका सोसायटीची भिंत शेजारच्या मजुरांच्या पत्र्याच्या झोपड्यांवर कोसळली; पंधरा माणसं गेली. तीनच दिवसांनी, मुंबईत चोवीस तासांत पावणेचारशे मिलिमीटर पाऊस पडला त्या रात्री, मालाडच्या पिंपरीपाड्यात जलाशयाची संरक्षक भिंत वस्तीवर आली. तिथे त्याहून जास्त गेली. कुणाची चूक, ते चौकशांनी सांगावं. पण दोन्हीकडे भिंतीखाली जे झोपले होते, त्यांना ती भिंत कुणी कधी दाखवायला नेलं नव्हतं.

आपली भिंत बरी आहे की नाही, हे पावसाळ्यात दहा मिनिटांत कळतं. त्यासाठी छत्री आणि लुंगी वर खोचायची तयारी लागते. मोठी सर येऊन गेल्यावर काही तासांनी विपोलातून पाणी यायला लागलं, ते स्वच्छ असलं आणि पाऊस थांबल्यावरही थोडा वेळ येत राहिलं, तर भिंत धडधाकट आहे. पाणी गढूळ आलं तर भराव धुपतोय. आता वर जाऊन बघावं, भिंतीला समांतर जमिनीला चीर पडलेली सापडेल. आणि आजूबाजूला जिथे तिथे उपळ फुटलेत, विहीर कठड्याला लागली आहे आणि विपोल मात्र ठणठणीत कोरडे, तर ते सगळ्यात वाईट लक्षण. नेमकं याच लक्षणावर मालक खूश असतो. "बघा, एक थेंब बाहेर येत नाही!"

पोट सुटल्यावरही लगेच भिंत पाडावी लागते असं नाही. वर गटार खणून डोंगराचं पाणी बाजूला काढता येतं, यंत्राने भिंतीला नवी आरपार भोकं पाडता येतात, मागचा वरचा भराव उतरवून डबर भरता येतं. यातलं काहीही दिसायला सुंदर नाही. म्हणून बहुतेकांचा कल दोन उपायांकडे असतो. एक, पोटावर प्लास्टर. त्याने चीर दिसेनाशी होते. दुसरा, त्या भिंतीला टेकू म्हणून पुढे दुसरी भिंत, तीही भोकांशिवाय. मग पुढचा प्रश्न मालकाच्या मुलाच्या वाट्याला येतो.

आता एखाद्याने सगळं शहाण्यासारखं केलं असं समजा. डबर रचलं, पाइप आरपार टाकले, गटार काढलं. पहिल्या मुसळधार पावसात आठच्या आठ पाइपांतून करंगळीएवढी धार सुरू झाली. मालक धन्य. त्याच संध्याकाळी खालच्या घरातून हाक येते: "भाऊ, तुमचं पाणी आमच्या खळ्यात येतंय."

भिंत नव्हती तेव्हा हेच पाणी साऱ्या उतारावरून पसरून झिरपत खाली जायचं आणि ते देवाचं असायचं. आता ते आठ पाइपांतून येतं, म्हणजे त्याला मालक मिळाला. प्रकरण गावच्या तंटामुक्ती समितीपुढे जातं. २००७ साली ही मोहीम निघाली तेव्हा बांध, वाट आणि कोंबडी हे तिचे मुख्य विषय होते. विपोल हा नवा. समिती जागेवर येते, चहा घेते, पाण्याच्या धारेत हात धरून बघते. "पाणी एकदम स्वच्छ आहे," एक सदस्य कौतुकाने म्हणतो. "मग तुमच्या दारात घेऊन जा," खालचे म्हणतात. शेवटी तोडगा निघतो: भिंतीच्या पायथ्याशी गटार बांधून पाणी पऱ्याला (ओढ्याला) सोडायचं, खर्च निम्मा-निम्मा. फक्त गटार पऱ्यापर्यंत न्यायचं तर मधे दहा फूट जागा तिसऱ्याची लागते, आणि तो विरारला असतो. फोनवर तो "गणपतीत आलो की बसून बोलू" म्हणतो. गणपती सप्टेंबरात. तोवर तात्पुरती सोय म्हणून वरचे आणि खालचे मिळून, समितीच्या समक्ष, आठही पाइपांत सिमेंटच्या रिकाम्या गोण्या कोंबतात आणि पंचनाम्यावर 'तंटा मिटला' असा शेरा पडतो.